पात्राची उंची आणि वजन कसे ठरवावे: फासे, घनाचा हिशोब आणि अंगकाठी

रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका करतो अशा खेळात, पात्राची माहिती नोंदवण्याच्या कॅरेक्टर शीटवर सर्वांत घाईने भरले जाणारे रकाने कोणते, असे विचारले तर उंची आणि वजन यांचे नाव आधी घ्यावे लागेल. गुण, कौशल्ये आणि मंत्र यांच्या निवडीवर तासभर खल करणारा खेळाडू या दोन जागी मात्र मनाला येतील ते आकडे लिहून मोकळा होतो. मीही तेच करीत असे. माझ्या पहिल्या ड्वार्फ क्लेरिकच्या, म्हणजे ठेंगण्या ड्वार्फ वंशाच्या पुरोहिताच्या, शीटवर मी ‘उंची ५ फूट, वजन ६० किलो’ असे लिहिले होते. तिसऱ्याच सेशनमध्ये तो चाळीस फूट लांबीच्या एका भुयाराच्या टोकाशी बेशुद्ध पडला, आणि पार्टीत, म्हणजे आमच्या पात्रांच्या गटात, शुद्धीवर असलेला एकच जण उरला, तो म्हणजे स्ट्रेंग्थ (ताकदीचा गुण) जेमतेम ८ असलेला एल्फ विझार्ड, म्हणजे एल्फ वंशाचा जादूगार. खेळ चालवणाऱ्या गेममास्टरने विचारले, “याला ओढायचे तर वजन किती? चिलखत आणि ढाल धरून सांग.” त्यानंतरची पंधरा मिनिटे आम्ही सर्वजण नियमपुस्तक आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसलो होतो. हिशोब अखेरीस जुळला, पण तोवर प्रसंगातला सारा ताण निघून गेला होता.

तेव्हापासून मी हे आकडे पात्र तयार करतानाच ठरवतो, आणि त्याचा क्रम कायम ठेवतो: आधी उंची, मग अंगकाठी, त्यावरून वजन, आणि शेवटी सामानासह वजन. वजन हा स्वतंत्र आकडा नसून उंची आणि बांधा यांच्यातून निघणारे उत्तर आहे, एवढे मान्य केले की पुढचे काम बरेच सोपे होते.

आपला खेळ या आकड्यांचे काय करतो?

पहिले पाऊल नियमपुस्तक चाळण्याचे आहे, कारण सर्व खेळांत या आकड्यांना सारखे महत्त्व नसते. ‘कॉल ऑफ कथुलू’सारख्या खेळात आकारमान हाच एक मूळ गुण असतो. त्याच्या सातव्या आवृत्तीत सहा पैलूंचे दोन फासे टाकून येणाऱ्या बेरजेत ६ मिळवतात आणि त्याला ५ने गुणतात. हे आकारमान आणि कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा कणखरपणा) यांच्या बेरजेला १०ने भागले की हिट पॉइंट, म्हणजे पात्र किती इजा सोसेल तो आकडा, मिळतात, ताकद आणि आकारमान यांच्या बेरजेवरून डॅमेज बोनस, म्हणजे मारताना होणारी जादा इजा, ठरतो, आणि ताकद व चपळाई हे दोन्ही गुण आकारमानापेक्षा कमी असतील तर पात्राची धाव मंदावते. अशा खेळात उंची-वजन आधी मनाने ठरवून चालत नाही. आकारमानाचे दान पडल्यावर त्याला शोभेल असे शरीर उभे करावे लागते. ‘गर्प्स’मध्ये ताकदीच्या गुणावरून उंची आणि वजन यांचा पल्ला सुचवलेला असतो, म्हणजे तिथे सुरुवात ताकदीपासून होते.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये मात्र उंची आणि वजन यांचा गुणांशी थेट संबंध नाही. सहा फुटांचा धिप्पाड मनुष्य स्ट्रेंग्थ ८ घेऊन फिरू शकतो आणि लुकड्या शरीराच्या पात्राची स्ट्रेंग्थ १८ असू शकते. तरीही हे आकडे आडमार्गाने खेळात शिरतात. उडी मारून उंचावरची वस्तू पकडायची असेल तर उडीच्या उंचीत स्वतःच्या उंचीची दीडपट मिळवावी लागते. स्ट्रेंग्थचा मॉडिफायर (त्या गुणावरून मिळणारी वाढ किंवा घट) शून्य असलेले ५ फूट ७ इंचांचे पात्र धावत येऊन ३ फूट उडी घेते, म्हणजे त्याचा हात ११ फूट साडेचार इंचांपर्यंत पोहोचतो, तर बुटक्या हाफलिंग वंशाचे ३ फुटांचे पात्र त्याच उडीत साडेसात फुटांवर थांबतो. हवेत उचलणाऱ्या ‘लेव्हिटेट’ मंत्राला ५०० पौंडांची मर्यादा आहे आणि ‘टेन्सर्स फ्लोटिंग डिस्क’ मंत्राची तरंगती तबकडीही तेवढाच भार पेलते. २०१४च्या नियमांत ‘एन्लार्ज’ मंत्राने पात्र सर्व बाजूंनी दुप्पट होते आणि त्याचे वजन आठपट होते. दोरीचा पूल, जुनी लाकडी माडी, लहान होडी, घोडा यांपैकी काहीही समोर आले की वजनाचा प्रश्न निघतोच.

एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. उंचावरून पडल्यावर होणारी इजा या खेळात वजनावर अवलंबून नाही. दर दहा फुटांना सहा पैलूंचा एक फासा आणि जास्तीत जास्त वीस फासे, हाच हिशोब हाफलिंगला आणि ड्रॅगनबॉर्न या धिप्पाड वंशाला सारखा लागू होतो. त्यामुळे ‘जड पात्र जास्त जोरात आपटेल’ असा नियम कोणी टेबलवर ऐन वेळी काढला, तर तो त्या टेबलचा घरगुती नियम समजावा.

फाशांनी ठरवण्याची पद्धत

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ सालच्या खेळाडूंच्या पुस्तकात प्रत्येक वंशासाठी चार गोष्टी दिलेल्या आहेत: मूळ उंची, उंचीसाठी टाकायचे फासे, मूळ वजन आणि वजनासाठी टाकायचे फासे. मनुष्यासाठी मूळ उंची ४ फूट ८ इंच आहे आणि तिच्यात दहा पैलूंच्या दोन फाशांची बेरीज इंच म्हणून मिळवायची असते. मूळ वजन ११० पौंड आहे. उंचीसाठी जे दान पडले, तोच आकडा चार पैलूंच्या दोन फाशांच्या बेरजेने गुणायचा आणि येणारे पौंड मूळ वजनात घालायचे. नवे खेळाडू नेमके येथे चुकतात. ते वजनाचे फासे सरळ मूळ वजनात मिळवतात, आणि मग ५ फूट १० इंचांचा योद्धा ११५ पौंडांचा, म्हणजे जेमतेम ५२ किलोंचा निघतो.

एक उदाहरण करून पाहू. दहा पैलूंच्या फाशांवर ६ आणि ८ पडले, म्हणजे उंचीचे दान १४ झाले आणि उंची ५ फूट १० इंच आली. चार पैलूंच्या फाशांवर ३ आणि २ पडले, म्हणजे गुणक ५ झाला. चौदा गुणिले पाच म्हणजे ७०, ते ११०मध्ये मिळवले की १८० पौंड होतात. पौंडांचे किलो करण्यासाठी मी एक सोपी युक्ती वापरतो: आकडा निम्मा करायचा आणि त्यातून त्याचाच दहावा हिस्सा वजा करायचा. १८०चे निम्मे ९०, त्यातून ९ गेले की ८१ किलो राहतात. काटेकोर उत्तर ८१.६ येते, आणि टेबलवर एवढी अचूकता पुष्कळ झाली.

ही पद्धत बऱ्यापैकी विचारपूर्वक बांधलेली आहे. दोन फासे असल्यामुळे मधली दाने जास्त वेळा पडतात आणि टोकाची क्वचित पडतात. मनुष्याची उंची ४ फूट १० इंच ते ६ फूट ४ इंच यांच्या दरम्यान कुठेही येऊ शकते, परंतु दोन्ही टोकांची शक्यता प्रत्येकी शंभरात एक आहे, आणि ५ फूट ३ इंच ते ५ फूट ११ इंच या पट्ट्यात शंभरातील सत्तर पात्रे बसतात. उंचीचे दान वजनातही गुणले जात असल्यामुळे उंच पात्र आपोआप जड होते. याआधीच्या ‘३.५’ या आवृत्तीत स्त्री आणि पुरुष यांच्यासाठी वेगळे मूळ आकडे होते. पाचव्या आवृत्तीने तो भेद काढून टाकला, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो, कारण खेळाडूला हवे ते शरीर निवडण्याच्या आड तक्ता येऊ नये.

या पद्धतीत एक दोष मात्र आहे आणि तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. वजनातील सारा फरक उंचीच्या दानाला बांधलेला असल्यामुळे बुटक्या पात्रांच्या वजनाला हलायला जागाच उरत नाही. उंचीचे दान २ पडले तर वजन ११४ ते १२६ पौंड एवढ्याच पट्ट्यात येते, आणि दान २० पडले तर १५० ते २७० पौंड असा ऐसपैस पल्ला मिळतो. म्हणजे या तक्त्यातून उंच आणि शिडशिडीत, उंच आणि आडदांड अशी दोन्ही माणसे निघतात, पण ठेंगणा आणि गोलमटोल व्यापारी कधीही निघत नाही. तो हवा असेल तर तक्ता बाजूला ठेवून पुढे दिलेल्या मार्गाने जावे लागते. २०२४च्या पुस्तकात तर हा तक्ताच राहिलेला नाही. तिथे वंशाच्या वर्णनात आकाराचा वर्ग आणि उंचीचा ढोबळ पल्ला दिलेला असतो, उदाहरणार्थ मध्यम आकाराच्या मनुष्याला सुमारे ४ ते ७ फूट. वजन खेळाडूवर सोडलेले असते. त्यामुळे स्वतः हिशोब करता येणे आता अधिकच गरजेचे झाले आहे.

फाशांशिवाय वजन काढणे

उंची आपल्या मनाने ठरवल्यावर वजन कसे काढावे, यासाठी दोन वेगळ्या कसोट्या हाताशी असाव्यात. पात्र मनुष्याच्या नेहमीच्या उंचीचे असेल तर उंचीच्या वर्गाचा हिशोब पुरतो. प्रौढ माणसांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे बेल्जियमच्या अडॉल्फ क्वेटले याने एकोणिसाव्या शतकात नोंदवले होते, आणि आजचा बीएमआय (किलोमधील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) त्यावरच उभा आहे. मीटरमधील उंचीचा वर्ग करून त्याला २२ने गुणले की मध्यम बांध्याच्या माणसाचे वजन किलोमध्ये मिळते. १.७० मीटर उंचीला ते सुमारे ६४ किलो येते. अंगावर स्नायू चढलेल्या योद्ध्यासाठी २२ऐवजी २६ घेतले तर तीच उंची ७५ किलोंवर जाते.

ही कसोटी मनुष्याच्या आकारापुरतीच विश्वासाची आहे. पात्र तीन फुटांचे किंवा बारा फुटांचे असेल तर ती सपशेल फसते, आणि त्याचे कारण गॅलिलिओने १६३८ सालीच मांडले होते: शरीराचा प्रत्येक बाजूने विस्तार झाला की त्याच्या हाडांच्या छेदाचे क्षेत्रफळ वर्गाच्या प्रमाणात वाढते, परंतु घनफळ आणि त्यासोबत वजन घनाच्या प्रमाणात वाढते. २०१४च्या ‘एन्लार्ज’ मंत्रात दुप्पट उंचीला आठपट वजन दिले आहे ते याच नियमाने. म्हणून वेगळ्या वंशांसाठी उंचीच्या घनाचा हिशोब करावा. मनुष्याची सरासरी आधार म्हणून घ्यायची, म्हणजे वरच्याच तक्त्यातून निघणारी ५ फूट ७ इंच आणि १६५ पौंड. नव्या पात्राची उंची इंचांत घेऊन तिला ६७ने भागायचे, आलेल्या गुणोत्तराचा घन करायचा आणि त्याने १६५ला गुणायचे.

बारा फुटांच्या राक्षसावर हा हिशोब लावून पाहा. १४४ला ६७ने भागले की सुमारे २.१५ येतात, त्याचा घन जवळजवळ १०, म्हणजे वजन सुमारे १,६४० पौंड किंवा ७४० किलोंच्या आसपास भरते. बांधा अगदी मनुष्यासारखाच ठेवूनही त्याचा बीएमआय ५५च्या घरात जातो. बीएमआय पाहून कोणी त्याचे वजन निम्म्यावर आणले, तर हाती राक्षस न येता ताणून लांब केलेला काटकुळा माणूस येईल.

घनाच्या हिशोबाचा खरा उपयोग मात्र पुढचा आहे. तो दर वंशाचा बांधा उघड करून दाखवतो. ड्रॅगनबॉर्नची तक्त्यानुसार सरासरी ६ फूट ३ इंच आणि २३८ पौंड आहे. मनुष्याला तेवढ्या उंचीवर नेले तर २३१ पौंड येतात, म्हणजे ड्रॅगनबॉर्न हा फक्त मोठ्या मापाचा मनुष्य आहे. हाफलिंगची सरासरी ३ फूट आणि ४० पौंड आहे, तर त्या मापाला आणलेला मनुष्य सुमारे २६ पौंडांचाच भरतो. हाफलिंग त्याच्या दीडपट, म्हणजे चांगला गुटगुटीत असतो. हाय एल्फ सरासरी ५ फूट ५ इंच आणि साधारण ११८ पौंडांचा असतो, मनुष्य त्या उंचीला १५१ पौंडांचा होईल, म्हणजे एल्फ अंगाने चांगलाच किरकोळ. आणि माउंटन ड्वार्फ? त्याची सरासरी उंची ४ फूट ५ इंच आणि सरासरी वजन बरोबर १६५ पौंड आहे. तो मनुष्यापेक्षा १४ इंचांनी ठेंगणा असून वजनाला त्याच्याइतकाच भरतो. त्याच्या उंचीचा मनुष्य ८२ पौंडांचा असता, म्हणजे ड्वार्फच्या शरीरात दुप्पट माल ठासून भरलेला आहे. माझ्या शीटवरचे ५ फूट आणि ६० किलो हे आकडे ड्वार्फचे नव्हतेच. ते एखाद्या सडपातळ माणसाचे होते.

स्वतःचा नवा वंश तयार करणाऱ्या गेममास्टरने हाच गुणक आधी ठरवावा. शरीर मनुष्याच्या दुप्पट घट्ट असेल तर २, पोकळ हाडांचे आणि पंख असलेले असेल तर ०.७, असा एक आकडा लिहून ठेवला की त्या वंशाचे प्रत्येक पात्र क्षणात तोलता येते. चार पायांच्या किंवा लांब शेपटीच्या प्राण्यांना हा हिशोब जसाच्या तसा लावू नये. तिथे उंची खांद्यापर्यंत मोजली की डोक्यापर्यंत, हे आधी स्पष्ट करावे आणि वजन जवळच्या खऱ्या प्राण्यावरून घ्यावे.

अंगकाठीसाठी शेवटचा गुणक लावायचा. ‘गर्प्स’ने दिलेले प्रमाण मला सोयीचे वाटते: काटकुळ्या पात्राला सरासरी वजनाच्या दोन-तृतीयांश, जादा वजनाच्या पात्राला १.३ पट, स्थूल पात्राला दीडपट आणि अतिस्थूल पात्राला दुप्पट. तक्त्यातून न निघणारा तो गोलमटोल व्यापारी येथे सहज सापडतो.

सामानासह वजन

शरीराचे वजन ठरले तरी खेळात प्रत्यक्ष लागणारा आकडा वेगळाच असतो. भुयारातल्या त्या प्रसंगाचा हिशोब पुन्हा नीट मांडतो. ड्वार्फचे शरीर १६५ पौंड, चेन मेल (कड्यांचे चिलखत) ५५, ढाल ६, मेस (गदा) ४, पाठपिशवी ५, भरलेली पाण्याची पिशवी ५. एकूण २४० पौंड. स्ट्रेंग्थ ८च्या विझार्डची वाहून नेण्याची मर्यादा ८ गुणिले १५, म्हणजे १२० पौंड, आणि ओढण्याची मर्यादा तिच्या दुप्पट, म्हणजे नेमकी २४०. त्याने स्वतःजवळचे सामान खाली टाकले असते तर ड्वार्फ काठोकाठ हलला असता. वाहण्याच्या मर्यादेपलीकडचा भार ओढताना वेग ५ फुटांवर येतो, म्हणून दर फेरीत धावण्याची कृती खर्च करूनही १० फूट, आणि चाळीस फुटांच्या भुयाराला चार फेऱ्या लागल्या असत्या. ढाल सोडायची की मेस, हा प्रश्न त्या चार फेऱ्यांत किती रंगला असता! हे सारे आकडे आधीच लिहिलेले असते तर पंधरा मिनिटांचा हिशोब टळून तोच प्रसंग सेशनचा सर्वोत्तम भाग ठरला असता.

याच कारणासाठी शीटवर दोन वजने लिहावीत, एक शरीराचे आणि एक सामानासह. दुसरा आकडा पेन्सिलने लिहावा, कारण चिलखत बदलले की तो बदलतो. पूर्ण प्लेट चिलखत ६५ पौंडांचे असते. नाणी विसरू नयेत. पन्नास नाण्यांचा एक पौंड होतो आणि खजिना सापडल्यावर हा हिशोब भलताच वेगाने वाढतो.

आकड्यांना शब्द देणे

टेबलवर कोणी ‘माझे पात्र १७८ सेंटिमीटरचे आहे’ असे म्हणाले तर कोणाच्याच डोळ्यांसमोर काही उभे राहत नाही. आकडा ठरल्यावर त्याला एक शब्द आणि एक तुलना द्यावी. शब्दांची आपल्याकडे चैन आहे: काटक, शिडशिडीत, किरकोळ, उंचापुरा, भरदार, थोराड, आडव्या बांध्याचा, ठेंगणा, गुटगुटीत. यांतील काटक आणि किरकोळ यांचे वजन सारखे असू शकेल, पण काटक माणसाला धक्का मारताना आपण दोनदा विचार करतो. तुलना पार्टीतल्या दुसऱ्या पात्राशी करावी. ५ फूट ७ इंचांच्या मनुष्याशेजारी ३ फुटांचा हाफलिंग उभा राहिला तर त्याचे डोके मनुष्याच्या कमरेच्या आसपास येते, आणि दोघे कुजबुजत बोलतात असे म्हटल्यावर कोणालातरी वाकावे लागते.

वजनाबद्दल एक काळजी घ्यावी. काही खेळाडूंना हा विषय स्वतःच्या शरीरामुळे नकोसा असतो. फाशांनी पडलेले वजन कोणावर लादू नये, आणि एखाद्याने आकड्याऐवजी फक्त ‘मध्यम बांधा’ असे लिहिले तर गेममास्टरने आपल्या वहीत अंदाजे आकडा धरून गप्प बसावे.

माझ्या ड्वार्फची शीट मी त्या सेशननंतर नव्याने लिहिली: ४ फूट ५ इंच, ७५ किलो, सामानासह १०९ किलो, आडव्या बांध्याचा. लिहून झाल्यावर त्याच्या तट्टूकडे लक्ष गेले. २०१४च्या पुस्तकात तट्टूची भार वाहण्याची मर्यादा २२५ पौंड आहे, आणि हे महाशय खोगीर न धरताच २४० भरत होते. पुढच्या गावात त्याने तट्टू विकून ४२० पौंड वाहणारे खेचर घेतले.